स्टेशन अकरा ते चौदा

हा प्रोग्राम वीस आकडे मागतो.

पहिल्या दहा ठिकाणी तो थांबतो. आकडा दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. पंधरा ते वीस या ठिकाणीही तो तसाच थांबतो.

अकरा, बारा, तेरा आणि चौदा या चार ठिकाणी आकडा आपोआप उमटतो. कळफलकाला कोणी हात लावलेला नसतो.

उमटलेले चारही आकडे २१ एप्रिल १९८७ रोजी एका वहीत लिहिलेल्या चार आकड्यांशी मिलिमीटरपर्यंत जुळतात. त्या वहीतले हे चार आकडे मी यंत्राला कधीही दिलेले नाहीत.

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवते. या पानावरच्या भुताखेतांच्या कथा मी वाचते, पण त्यांतल्या चुका शोधण्यासाठी. ही हकीकत खरी आहे, आणि खरेपणाची माझी व्याख्या कडक आहे. जे स्वतः पाहिले, पुन्हा करून पाहिले आणि तिसऱ्यांदाही तसेच आले, ते मी पाहिले म्हणून लिहीन. जे फक्त ऐकले, ते ऐकले म्हणून लिहीन. गाव आजच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात आहे. त्याचे नाव देत नाही, कारण तिथे अजून माणसे राहतात.

मल्लिकार्जुन हे माझे सख्खे मामा. पाटबंधाऱ्याच्या कामावर ते सर्वेअर होते. १९८६ साली मामीच्या भावाने त्यांना मस्कतहून एक जपानी यंत्र आणून दिले. खिशात मावणारा संगणक. चष्म्याच्या घराएवढा, एका ओळीचा पडदा, बोटाच्या टोकाएवढ्या कळा. त्यात प्रोग्राम लिहिता येई आणि तो कॅसेटवर साठवता येई. संपूर्ण उपविभागात असे यंत्र दुसरे नव्हते. मामा ते रेशमी रुमालात गुंडाळून ठेवत.

पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या गावी पाझर तलाव मंजूर झाला. ते काम त्यांनी मागून घेतले.

तलावाला एका बाजूने बांध घातला. दुसऱ्या बाजूची जमीन मुळातच उंच आहे असे मोजणीत निघाले, म्हणून तिथे बांध घातला नाही.

१९८९ च्या भाद्रपदात तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला. त्या उंच म्हटलेल्या बाजूच्या मधोमध जमिनीत एक खोलगट भाग होता. पाणी तिथून निघाले आणि खालच्या ओढ्यात एकदम उतरले. ओढ्यावर सिंधु नावाची एक बाई धुणे धूत होती.

ती सापडली तिसऱ्या दिवशी.

चौकशी झाली. मोजणीच्या वेळी मामा दुर्बिणीशी उभे असत. ठरलेल्या प्रत्येक जागेवर, म्हणजे स्टेशनवर, आकडे लिहिलेली उंच, रंगीत पट्ट्यांची काठी, म्हणजे स्टाफ, घेऊन एक रोजंदारीचा माणूस उभा राही. दुर्बिणीतून स्टाफवरचा आकडा वाचून मामा तो यंत्रात भरत आणि मोठ्याने पुकारत. हजेरी कारकून तो वहीत लिहून घेई. मामांनी चौकशीत लेखी सांगितले की, स्टाफमनने अकरा ते चौदा या जागांवर स्टाफ नेमक्या खुणेवर न धरता बाजूच्या उंचवट्यांवर धरला, आणि मधूनमधून तो झाडाखाली बसत असे.

स्टाफमनचे नाव हणमंतराव. त्याला कामावरून काढून टाकले.

सिंधु त्याची बायको होती.

आता माझ्याविषयी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे मोजमापात येणारी चूक हा धडा मी दरवर्षी शिकवते. सव्वीस वर्षे मी उदाहरण म्हणून हणमंतरावांचे दिले. नावासकट. विद्यार्थ्यांना ते चांगले लक्षात राहते.

मामा २०२१ साली गेले. या वर्षी फेब्रुवारीत हणमंतराव माझ्या महाविद्यालयात आले. वय चौऱ्याहत्तर. भोकरला ते मुलीकडे, आरतीकडे, राहतात. आरती बरोबर होती. तिने माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या जुन्या वहीच्या झेरॉक्स आणि चौकशीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणले होते. प्रयोगशाळेच्या दारात म्हाताऱ्याने चपला काढल्या. काढू नका म्हटले तरी काढल्या.

त्यांचे म्हणणे मला माहीत होते, आमच्या घरात ते चेष्टेने सांगितले जाई. ते म्हणत की त्या चार जागांवर ते उभेच नव्हते. साहेबांनीच सकाळी सांगितले होते, की दहावर स्टाफ धरून झाला की चपला काढायच्या, कडेने वळसा घालायचा आणि थेट पंधरावर उभे राहायचे. चौकशीत कोणी विश्वास ठेवला नाही. कारण साधे होते. वहीत त्या चार जागांचे आकडे होते. आकडे आहेत म्हणजे स्टाफ होता. स्टाफ होता म्हणजे तो धरणाराही होता.

मीही त्यांना तेच सांगितले.

त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "ताई, सायबाची ती मशीन तुमच्याकडं हाय म्हणं. मी तिथं उभा हुतो का न्हाई, एवढं तिला इचारा."

मी म्हटले, यंत्राला माणसे कळत नाहीत.

"छत्तीस वर्सं लोकं सांगून राहिले, तू बसलास म्हणून सिंधु गेली. आदी मला आठवायचं, मी कडेनं चालतोय. आता डोळे मिटले की मी झाडाखाली बसलेलाच दिसतो." ते पुढे म्हणाले, "खरं कोंचं, ते मलाच कळंना."

आरती खाली बघत होती. वडील आता रोज वेगळे सांगतात, असे ती मला बाहेर जाताना म्हणाली.

यंत्र माझ्याकडे होते हे खरे होते. मामा गेल्यावर मामीने, नीलाबाईंनी, ते मला दिले होते. पडदा शाईसारखा काळा पडलेला. बॅटऱ्या फुटून आतली तांब्याची रेघ हिरवी झालेली. ते चालू होणे शक्य नव्हते. पण आतली एक चिप शाबूत होती आणि तिच्यावरचा मूळ मजकूर मला उतरवून घेता आला. अशा जुन्या यंत्रांचे वेड असलेल्या लोकांनी एम्युलेटर तयार केले आहेत. एम्युलेटर म्हणजे आजच्या संगणकाला ते जुने यंत्र व्हायला लावणारा प्रोग्राम. तो त्याच्यासारखा विचार करतो, त्याच्यासारख्याच चुका करतो.

मामांचा प्रोग्राम लातूरला सापडला. भजनांच्या एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर. मामी समजत होती की ती बाजू खराब झाली आहे, कारण लावली की नुसती किरकिर ऐकू येते. ती किरकिर म्हणजेच प्रोग्राम. मी ती लॅपटॉपमध्ये उतरवली.

रविवार, १८ मे. नांदेड. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. घरात मी एकटी. बाहेर बेचाळीस अंश.

वहीची झेरॉक्स शेजारी ठेवून मी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर स्टेशन एक आणि पुढे प्रश्नचिन्ह. आकडा भरला. स्टेशन दोन. भरला.

दहावा आकडा भरला... १.८४५.

कळफलकावरून हात उचलून मी वहीत अकरावा आकडा शोधू लागले.

बीप.

मी वर पाहिले. अकराव्या जागेवर १.७२० उमटलेले होते.

बीप... १.६३५.

बीप... १.४९०.

बीप... १.३८५.

हे सगळे एका सेकंदाच्या आत झाले. मग पडद्यावर स्टेशन पंधरा आले आणि प्रश्नचिन्ह लुकलुकत राहिले.

मी वहीकडे पाहिले. कारकुनाच्या तिरक्या अक्षरात तेच चार आकडे होते. त्याच क्रमाने.

पंखा चालू होता. तरी मला तो बंद असल्यासारखा भास झाला.

पहिली शंका सरळ होती. कोणीतरी नंतर हे आकडे प्रोग्राममध्ये लिहून ठेवले असतील. प्रोग्राम उघडून वाचायला गेले तर तो उघडेना. त्याला परवलीचा शब्द लावलेला होता. या यंत्रात तशी सोय होती. प्रोग्राम चालवता येतो, पण शब्दाशिवाय वाचता येत नाही.

मग मी एक चाचणी केली. सगळे नव्याने सुरू केले आणि दहाव्या जागेवर मुद्दाम खोटा आकडा दिला. १.८४५ ऐवजी २.८४५.

आकडे आत लिहून ठेवलेले असते, तर पुढचे चार बदलायला नको होते.

बीप... २.७२०.

बीप... २.६३५.

बीप... २.४९०.

बीप... २.३८५.

मी खोटे सांगितले होते, आणि आतल्याने माझ्या खोट्याला साजेसे पुढचे चार आकडे सांगितले.

कळफलक काढून दुसरा लावला. लॅपटॉप बदलला. महाविद्यालयातल्या संगणकावर करून पाहिले. सतरा वेळा केले. सतराही वेळा दहाव्या जागेपर्यंत यंत्र मुके होते, आणि अकराव्या जागेवर त्याला कोणाचीही गरज उरत नव्हती.

पुढच्या शनिवारी मी लातूरला मामीकडे गेले. काही सांगायचे नाही असे ठरवून गेले होते. दुपारी तिच्या माजघरात लॅपटॉप उघडला, आवाज अगदी कमी केला आणि प्रोग्राम चालवला. मामी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत बसली होती. तिला गेल्या चार वर्षांपासून ऐकू कमी येते.

चार बीप झाले.

आतून सुपाचा आवाज थांबला.

"तीन वाजले का गं?" तिने विचारले.

मी घड्याळ पाहिले. तीनला दोन मिनिटे कमी होती. तुला कसे कळले, म्हणून मी विचारले. ती सुपाकडे बघतच म्हणाली की मामा रोज दुपारी तीनला ते यंत्र लावत. निवृत्त झाल्यावरही. चारदा वाजायचे, मग ते रुमालात बांधून ठेवत आणि झोपत. कोणाशी बोलत नसत.

"मग यंत्र बिघडलं तेव्हा?"

"बिघडून लई वर्सं झाली. दोन हजार आठाला तर त्याचा पडदाच गेला हुता."

"म्हणजे तेव्हापासून बंद झालं."

मामीने सूप खाली ठेवले.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून वाजतंय की रोज."

हे मी फक्त ऐकले आहे. इतकी वर्षे रोज एकाच वेळी ऐकलेला आवाज कान नंतरही स्वतःहून उभा करू शकतो, यावर पुरेसे संशोधन आहे. तसे मी स्वतःला सांगितले. त्या रात्री मी मामीकडे राहणार होते, पण संध्याकाळी उदगीर रस्त्यावरच्या मैत्रिणीकडे जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले.

अकरा ते चौदा या जागा नकाशावरून शोधणे सोपे होते. वीस-वीस मीटरवर एकेक जागा. दहावी जागा एका चिरेबंदी कट्ट्यापाशी येते. तिथून पुढे घाणेरीची झुडपे, आणि झुडपांत आमची रुद्रभूमी. आम्हा लिंगायतांत दहन नसते. माणसाला मातीत बसवतात.

शेळ्या राखणारी गंगम्मा नावाची म्हातारी तिथे होती. मी कोणाची कोण हे तिने आधी विचारून घेतले. मामांचे नाव ऐकल्यावर तिने शेळ्या थोड्या लांब हाकलल्या. मग तिने जे सांगितले ते गावात सगळे सांगतात म्हणे. भर दुपारी त्या झुडपांत एक लांब पट्ट्यापट्ट्यांची काठी उभी दिसते. तांबडी, पांढरी. वाऱ्याने हलत नाही.

"कोन धरतंय तिला?" मी तिच्याच बोलीत विचारले.

"तेच की," गंगम्मा म्हणाली. "कोनी न्हाई धरत."

मी तीन वाजता त्या रेषेवर उभी राहिले. काठी दिसली नाही. ते स्पष्टपणे लिहिते.

दिसले ते दुसरेच. १९८९ च्या पाण्याने कापलेली घळ अजून तशीच आहे, रुद्रभूमीच्या बरोबर मधून. घळीच्या दोन्ही काठांच्या मातीत, माणसाला बसवायला खणतात तशा, चौकोनी खाचा आहेत. रांगेने. आत काही नाही. पाणी गेले तेव्हा एकटे गेले नव्हते.

पंधराव्या जागेपर्यंत मोजपट्टीने सरळ जायचे असे मी ठरवले होते. घळ गुडघाभर खोल आहे, ओलांडता येते. मी दहाव्या जागेवरून निघाले. डोके आकडेमोडीत होते.

पंधराव्या जागेवर पोचले तेव्हा माझ्या लक्षात आले...

चपला माझ्या हातात होत्या.

मागे वळून पाहिले. धुळीत माझी अनवाणी पावले होती. ती सरळ आली नव्हती. रुद्रभूमीला कडेकडेने पूर्ण वळसा घालून आली होती. मला तसे कोणी सांगितले नव्हते. लहानपणी आजोळी शिकवलेले पायांच्या लक्षात होते. प्रेतावरून पाय जाऊ द्यायचा नाही.

मी तिथेच खाली बसले. हणमंतराव सांगत होते ती वाट मी नुकतीच चालून आले होते.

नांदेडला परतल्यावर मी ते केले, जे पहिल्याच दिवशी करता आले असते आणि मामांचा मान राखायचा म्हणून केले नव्हते. एम्युलेटरची संपूर्ण स्मृती अक्षर-अक्षर उलगडून वाचली. परवलीचा शब्द तिच्यातच असतो.

सहा अक्षरे होती. रोमन लिपीत.

सिंधु.

मी उठून पाणी प्यायले. मग प्रोग्राम उघडला.

त्यात भूत नव्हते. सगळे सरळ होते. ओळ ४०० पर्यंत यंत्र आकडा मागून थांबते. ओळ ४१० विचारते, जागा अकरा ते चौदा आहे का? असेल तर ओळ ४२० एक रिकामा फेरा सुरू करते. एक ते बाराशे नुसते मोजायचे, बाकी काही नाही. १९८७ च्या यंत्राला एवढे मोजायला चाळीस सेकंद लागत. माझ्या लॅपटॉपला ते डोळ्याची पापणी लवण्याइतकेही लागत नाहीत. म्हणून आकडा मला झडप घातल्यासारखा वाटला.

ओळ ४३० मागच्या आकड्यातून ठरावीक उतार वजा करते. स्टाफवरचा आकडा जितका कमी, तितकी जमीन उंच; डोळ्यांना जमीन जशी हळूहळू चढती दिसते, तसा.

ओळ ४४० त्यात थोडी अनियमितता मिसळते. खऱ्या जमिनीचे आकडे इतके गुळगुळीत नसतात हे मामांना माहीत होते. त्यासाठी त्यांनी यंत्राचे यादृच्छिक अंक वापरले. मात्र या यंत्राचे यादृच्छिक अंक यादृच्छिक नाहीत. चालू केले की दर वेळी तीच मालिका पहिल्यापासून सुरू होते. १९८७ सालीही तीच, आजही तीच. म्हणून चारही आकडे मिलिमीटरपर्यंत जुळले.

ओळ ४५० बीप वाजवते. ओळ ४६० आकडा दाखवते.

वहीतले आकडे यंत्रात गेले नव्हते. यंत्रातले वहीत गेले होते.

मी पुन्हा लातूरला गेले आणि मामीला हे सगळे सांगितले.  संपल्यावर ती म्हणाली, "तिथं मातीत आमची शिवानी हुती."

मला अंधुक माहीत होते. मामांची पहिली मुलगी १९८४ साली सहा महिन्यांची होऊन गेली होती. घरात तिचे नाव घेत नसत.

"त्यांनी मला इचारलं हुतं," मामी म्हणाली. "आदल्या दिवशी. म्हणले, नीला, उद्या पोरीच्या छातीवर काठी रोवून मानूस उभा करायचाय. म्या म्हनलं, नगा करू. एवढंच म्हनलं म्या."

मग तिने सांगितले की मामांनी हाताने कधी खोटा आकडा लिहिला नाही. ते त्यांच्याच्याने झाले नसते. मी म्हटले, म्हणून ते यंत्राकडून लिहवून घेतले. ती म्हणाली, हाव.

आणि हणमंतराव?

पाणी ओसरल्यावर हणमंतराव तिच्या दारात आले होते. मामा आत होते, बाहेर आले नाहीत. मामीनेही त्यांना पाणी विचारले नाही. पाण्याने त्याच दिवशी पोरीची जागाही नेली होती. कोणावर तरी राग काढायला हवा होता, असे ती म्हणाली. तो समोर होता.

"आता सांगू नगंस त्याला," ती म्हणाली. "माझं काय ऱ्हायलंय सांग. मेलेल्या मानसाची तेवढी एक अब्रू हाय घरात."

 निघताना वाकून नमस्कार केला. नेहमी ती पाठीवरून हात फिरवते. या वेळी तिने हात मांडीवरून उचलला नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी मी भोकरला गेले. आरतीच्या घरापुढे पत्र्याची पडवी आहे, तिथे हणमंतराव खाटेवर बसले होते. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. सांगू नका, मशीन लावा, म्हणाले.

एम्युलेटरचा वेग मूळ यंत्राइतका करता येतो. मी तो केला. एक ते दहा आकडे भरले आणि हात मागे घेतला.

पडद्यावर स्टेशन अकरा.

काही होईना...

आरतीने माझ्याकडे पाहिले. मी तिला थांबायची खूण केली.

चाळीस सेकंद फार मोठे असतात.

बीप.

पुन्हा चाळीस. बीप. पुन्हा चाळीस. म्हातारा खाटेवरून उतरला होता. अनवाणी. दोन्ही मुठी छातीपाशी एकावर एक, उभा बांबू धरल्यासारख्या. तो पडवीच्या कडेने चालू लागला. हळू, अवजड वस्तू उचलून चालतात तसा. टोकाला वळला, परत आला, पुन्हा वळला. तिसरा बीप झाला. त्याने लक्ष दिले नाही.

चौथा बीप झाला आणि पडद्यावर स्टेशन पंधरा आले.

हणमंतराव थांबले. मुठी जमिनीच्या दिशेने किंचित खाली दाबल्या. स्टाफ टेकवला.

"एवढाच येळ लागायचा," ते म्हणाले. "कडेनं यायला."

मामांनी तो वेळ मोजून प्रोग्राममध्ये घातला होता. अनवाणी माणसाला वळसा घालायला किती लागतो, तो. कारकून झाडाखाली वहीत डोके घालून आकडे ऐकत होता. त्याला चार जागांमधली शांतता खरी वाटावी, म्हणून.

आरती रडत होती. हणमंतराव रडले नाहीत. खाटेवर येऊन बसले आणि त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, हे सायबांना आधीपासून ठाऊक होते का. मी हो म्हटले. दुसरी, मशीनला कुलूप होते म्हणता, ते कशाचे होते.

मी सांगितले.

ते पडद्याकडे बघत राहिले. त्यावर पंधराव्या जागेचे प्रश्नचिन्ह अजून लुकलुकत होते.

"तिचं नाव तरी सोडायचं हुतं त्यांनी," ते म्हणाले. मग म्हणाले, "बंद करा."

मी बंद केले.

गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला होता. दुपारी तीनला.   तिने विचारले, आता तू मशीन लावलंस का. मी वर्गात होते. लॅपटॉप घरी बंद होता. यावर माझ्याकडे एवढेच लिहायला आहे.

शिकवण्याच्या टिपणांतले ते उदाहरण मी काढून टाकले आहे. सव्वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यातून ते कसे काढायचे, मला माहीत नाही.

निघताना हणमंतरावांनी कागद पुढे केला होता. तोंडी नको, लिहून द्या, म्हणाले. जे लिहून सही केली, ते असे:

"२१ एप्रिल १९८७ रोजी स्टेशन अकरा ते चौदा येथे स्टाफ धरला गेला नाही. स्टाफमन हणमंतराव यांनी, त्यांना मिळालेल्या हुकमाप्रमाणे, रुद्रभूमीला वळसा घातला. ते झाडाखाली बसलेले नव्हते. त्या चार जागांचे आकडे प्रोग्रामच्या ओळी ४१० ते ४६० यांनी तयार केले आणि त्या ओळी मोजणीच्या आधी लिहिलेल्या होत्या. जमिनीतला खोलगट भाग चुकीचा मोजला गेला नाही. तो मोजलाच गेला नाही. तो मोजायचा नाही असे माझे मामा मल्लिकार्जुन यांनी ठरवले होते. सिंधु यांचा मृत्यू त्यामुळे झाला."